सालमोकच्या खाजणातला एकुलता नर

काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात तो आडवा पडला होता. नुसत्या डोळ्यांना पापणीच्या केसाचा तुकडा वाटावा, एवढाच. सोन-हाने मायक्रोस्कोपचं भिंग फिरवलं आणि त्याच्या शेपटाजवळची काट्यांची जोडी स्पष्ट दिसली. विळ्यासारखी वाकडी, टोकाशी दुभंगलेली. मादीला धरून ठेवायला नराकडे हे काटे असतात, आणि किड्याची जात त्यांच्यावरून ओळखतात. असली जोडी आजवर कुणी पाहिली नव्हती.

"आजी, या. बघा."

माल-सुन आजी खुर्चीत गुडघे चोळत बसली होती. सालमोकच्या खाजणात चिखलातून तिसऱ्यांचे शिंपले काढता काढता तिच्या पाठीची कमान झालेली. समुद्रात बांध घातला गेला, खाजण आकसत गेलं, आणि आता बांधातल्या एकाच दारातून भरतीचं पाणी आत येत होतं. ते दारही बंद करायचं चाललं होतं. सोन-हा चिखल गोळा करायला येऊ लागली तेव्हा पाय कुठे रुततो, कुठे नाही, हे तिला आजीनेच शिकवलं होतं.

आजीने एक डोळा मिटून दुसरा भिंगाला लावला. "ही तर शेवई आहे गं."

"नर आहे. सालमोकशिवाय कुठेच सापडलेला नाही. तसं छापून आलं की दार बंद करता येणार नाही. नियमच आहे."

"आम्ही कचेरीपुढे बसलो, बायकांनी निषेध म्हणून डोकी भादरून घेतली. आमच्यासाठी नाही उघडं ठेवलं दार. या शेवईसाठी ठेवतील?"

"ठेवावं लागेल."

"मग जप बाई त्याला. खायला काय घालतेस?"

"तो मेलेला आहे, आजी."

"घ्या!" आजी खो खो हसली. "आमचा वकील मिळाला तोही मेलेला!"

सोन-हालाही हसू आलं. मेला तर मेला, नर तर होता. बाकी सगळ्या माद्या आणि पिल्लं. शिवाय चिखल आहे, दार उघडं आहे, अजून सापडतील.

चूक तिची तिलाच कळली. खाजणातून आणलेला चिखल तिने सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनमध्ये ओतला होता. प्रयोगशाळेचे प्रमुख मा सर, त्यांच्या हाताखाली शिकलेले सगळे तेच करत. फॉर्मॅलिनमध्ये किडा ताठ राहतो, चित्र सुरेख काढता येतं. पण त्याची जनुकं तुटून निकामी होतात. थोडा चिखल अल्कोहोलमध्ये ठेवला असता तर हा किडा दुसऱ्या कुठल्या किड्यासारखा आहे की नाही, हे यंत्राने सांगितलं असतं. आता सांगायला फक्त तिचे डोळे उरले होते, आणि डोळ्यांवर कुणीही वाद घालू शकतो.

ताजा चिखल आणायला ती धावली, तर दुरुस्तीच्या नावाखाली बांधाचं दार लावून ठेवलेलं. पाणी येऊन बरेच दिवस झाले होते. खाजणावर मिठाची पांढरी साय धरलेली, पाय टाकला की पापडासारखी मोडायची. तिसऱ्या पाण्याची वाट बघत वर आल्या होत्या आणि तोंडं उघडून मेल्या होत्या. नजर पोहोचेल तिथवर उघडी तोंडं. वास असा, की आजीने पदराएवढा रुमाल नाकाला बांधला.

"सोन-हा, इकडे! हे बघ, किती!" आजीने एक शिंपला पुढे धरला. आतल्या कुजलेल्या मांसात पांढरं काहीतरी वळवळत होतं. "जिवंत आहेत! झालं ना काम?"

सोन-हाने खिशातल्या भिंगातून पाहिलं. "हे ते नव्हेत, आजी. हे कुजल्यावर येतात. कुठेही येतात."

आजीने शिंपला खाली ठेवला. टाकला नाही, ठेवला. आयुष्यभराची सवय.

मा सरांनी सोन-हाला खोलीत बोलावलं. दार बंद करायला सांगितलं. सोन-हाला कामावर ठेवणारे तेच, आणि बांध घालणाऱ्या मंडळाचे सल्लागारही तेच. एकाच माणसाने वाघाला आणि शेळीला दोघांना सल्ला द्यायचा, अशी ही विद्वत्ता.

"चित्रं अप्रतिम काढलीयस. निबंधात फक्त एक भर घाल. दोरेमच्या खाडीतही हा किडा मिळालाय."

त्यांनी काचपट्टी सरकवली. सोन-हाने पाहिली.

"हे पिल्लू आहे, सर. याला काटेच फुटलेले नाहीत. पिल्लावरून जात ठरत नाही."

"डोक्यावरचे केस जुळतात."

"केस तर दहा जातींचे जुळतील!"

"पोरी, दोन ठिकाणी सापडला म्हटलं तर कुणाचं काय बिघडतं?"

"बांधाचं दार बंद होईल. तेच बिघडतं. तुम्हाला माहितेय."

सर चहा प्यायले. "जनुकं असती तर तू मला खोटं पाडू शकली असतीस. फॉर्मॅलिनमध्ये कुणी घातलं सगळं?"

सोन-हाचे कान तापले. "मी. तुम्ही शिकवलंत तसंच. पण या खोट्याखाली मी सही करणार नाही. माझं नाव काढा."

"काढू?"

"काढा."

ती ताठ मानेने बाहेर पडली. जिना उतरताना तिला फार हलकं वाटलं. त्या हलकेपणाची तिला पुढे शिसारी येणार होती.

निबंध छापून आला. दोन ठिकाणं, चित्रं तिची, लेखक एकटे मा सर. आणि किड्याला नाव दिलं होतं सोन-हाचं. लॅटिनचं शेपूट लावून, सन्मानपूर्वक. स्वतः लिहिलेल्या निबंधात जिवाला स्वतःचंच नाव कुणी देत नाही, तशी पद्धतच नाही. त्यामुळे तिचं नाव लेखकांत का नाही, हे कुणाला विचारावंसंच वाटलं नाही. जो तो समजून गेला. एकदा छापलेलं नाव कधी बदलत नाही. ते खोटं आता तिच्या नावाने जगणार होतं.

दार कायमचं बंद करायचा निर्णय ज्या दिवशी झाला, त्याच संध्याकाळी प्रयोगशाळेने मेजवानी ठेवली. जागा बांधाशेजारची, भाजलेल्या तिसऱ्यांची खानावळ. माल-सुन आजी आता तिथेच भांडी घासायची.

"सोन-हा ताई अमर झाल्या!" कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या.

"आमचं नाव कुणी गोगलगायीलाही देत नाही!"

"तुला गोगलगायच शोभेल, त्या वेगाने काम करतोस!"

सर सोजूची, तांदळाच्या दारूची, बाटली घेऊन उठले. वडीलधारा ओतत असला की पेला दोन्ही हातांनी धरायचा, मान वळवून प्यायचा. सोन-हाने दोन्ही हात पुढे केले. हातांना सवय होती. पेला भरला. तिने मान वळवली, तर स्वयंपाकघराच्या दारात आजी उभी, हातात तिसऱ्यांची परात.

सोन-हाने पेला खाली आपटला. "दोरेमचं ते पिल्लू आहे! ऐका सगळे. ते कुठल्या जातीचं आहे ते कुणालाच सांगता येणार नाही. निबंध खोटा आहे!"

मग सर हसले. "चढली हिला. न पिताच चढली." सगळे हसले. कुणीतरी किमचीची, आंबवलेल्या कोबीची, वाटी तिच्याकडे सरकवली, लहान मुलाला समजवावं तशी.

आजी आली, निखाऱ्यांवरच्या जाळीवर तिसऱ्या मांडू लागली.

"हे आधी का नाही बोललीस?"

"बोलले होते, आजी. सरांच्या खोलीत. माझं नाव काढा, असं मीच म्हटलं."

"खोलीत." आजीने चिमट्याने एक शिंपला उलटा केला. "आम्ही डोकी रस्त्यावर भादरली होती गं. तू खोलीत जाऊन हात धुऊन आलीस."

"मी आता लिहीन. दुसऱ्या मासिकात. छापायला वर्ष लागेल, पण..."

"वर्षाने तिथे काय असेल?"

सोन-हाला सगळं माहीत होतं. कुठल्या थरात कोणता किडा आधी मरतो, शेवटी कोणता उरतो, सगळं.

शिंपले एकेक करून तडकत उघडले. आजीने त्यातला मोठा उचलून तिच्या ताटलीत ठेवला.

"खा. चीनहून आल्यात. यांना तुझं नाव नाही."