महाकोलांटीची रांग

दातांच्या दवाखान्यात गेली एकोणीस वर्षं ती नंबर लावायचं काम करत होती, म्हणून सगळे पेशंट तिला नंबरताई म्हणत. दाढ ठणकणारा माणूस पुढे घुसण्यासाठी काय काय थापा मारतो, 'फक्त दोन मिनिटांचं काम आहे' म्हणणारा किती वेळ खातो, हे तिला चेहरा बघूनच कळायचं. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी स्वतः कुठे रांगेत उभं राहायचं म्हटलं की तिच्या जिवावर यायचं. भाजी आणायलासुद्धा ती गर्दी ओसरल्यावर जायची.

पण यंदा सासूबाईंनी हट्ट धरला.

सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या. शाळेच्या ग्रंथालयात पस्तीस वर्षं मुलांना गप्प बसवून निवृत्त झालेल्या. शहराबाहेरच्या थीम पार्कात 'महाकोलांटी' नावाची नवी राइड आली होती. रुळावरून सुसाट सुटणारी, तीनदा उलटी होणारी. तिची जाहिरात पाहून त्यांनी सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं, "मला त्यात बसायचंय."

"आई, या वयात?" नंबरताईचा नवरा म्हणाला.

"मग कोणत्या वयात? आजवर प्रत्येक सहलीला मी खाली बाकावर बसून तुमच्या पिशव्या सांभाळल्या. चपला सांभाळल्या. एकदा तर तुझ्या काकांची कवळी सांभाळली. आता मला उलटं लटकायचंय. डॉक्टरांना विचारून आलेय मी, ते हो म्हणालेत."

डॉक्टरांनीच हो म्हटल्यावर बाकीच्यांचं काय चालणार?

तेरा वर्षांची लेक मात्र हुरळून गेली. तिने फोनवर पार्कचं अ‍ॅप घेतलं आणि घरातल्या मोठ्यांची शिकवणी सुरू केली. नुसतं तिकीट काढून भागत नाही. राइडची वेळ आधी राखून ठेवायची, त्याला 'झटपट प्रवेश' म्हणतात. ज्या दिवशी जायचं त्याच दिवशी सकाळी सातला वेळा खुल्या होतात. एका वेळी एकच राइड राखता येते. ती बसून झाल्याशिवाय दुसरी मिळत नाही.

"आणि नाही मिळाली तर?" नंबरताईने विचारलं.

"तर साधी रांग."

"म्हणजे राखलेल्यांची एक रांग आणि न राखलेल्यांची दुसरी. यात झटपट काय आहे?"

"आई, तू ना, दवाखाना घरी आणू नकोस."

ठरल्या दिवशी सकाळी सातला चार डोकी एका फोनवर वाकली. पडद्यावर एक गोल चकरा मारत राहिला. नवऱ्याने फोन खिडकीशी नेला, मग गॅलरीत नेला, मग उगाचच हलवून पाहिला. सात वाजून एका मिनिटाने गोल थांबला आणि महाकोलांटीची एकच वेळ शिल्लक दिसली, दुपारी चार दहा ते चार पंचवीस, दोन जागा. लेकीने झडप घातली. एक आजीची, एक तिची. नंबरताईला उंचीची भीती, त्यामुळे तिने सुटकेचा निःश्वास सोडला. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. तो म्हणाला, "मी आठवडाभर वर-खालीच करत असतो. सुट्टीला तरी जमिनीवर राहू द्या."

पार्कात पोचल्यावर त्या एका राखीव वेळेची खरी किंमत कळली. चार दहाची वेळ हातात असेपर्यंत अ‍ॅप दुसरं काही राखू देईना. उरलेला दिवस साध्या रांगांत काढायचा होता. होडीच्या राइडपुढे पाटी होती, 'इथून पंचाण्णव मिनिटं'. पंचाण्णव मिनिटं उन्हात उभं राहून, दोऱ्यांच्या वळणांतून त्याच त्याच माणसांची तोंडं अठरा वेळा पाहून ते होडीत बसले. होडी चाळीस सेकंदांत संपली.

"झालं?" सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, ही आपल्याला राइडकडे घेऊन चाललीये."

दुसऱ्या रांगेत नवऱ्याने कान टवकारले. वर फिरणाऱ्या चक्राकडे बघत तो तोंडातल्या तोंडात पुटपुटला, "बेअरिंगचा आवाज काही बरा नाही." पुढचे तीन जण एकमेकांकडे बघून गुपचूप बाहेर पडले. रांग तेवढी पुढे सरकली. लेकीने बापाच्या कानात सांगितलं, "बाबा, पुन्हा म्हणा ना."

चार वाजून पाच मिनिटांनी ते महाकोलांटीच्या दाराशी हजर होते. सासूबाईंनी चष्म्याला दोरी बांधून घेतली होती, केसांना जास्तीच्या चार पिना लावल्या होत्या. दारात साखळी होती आणि साखळीला पाटी, 'तांत्रिक कारणामुळे बंद'. त्याच क्षणी लेकीचा फोन आनंदाने किणकिणला. तिने वाचून दाखवलं, "अभिनंदन! आपली वेळ बदलून आपल्याला तितकाच आनंद देणारी राइड देण्यात आली आहे. भोपळ्यांची गाडी. वयोगट दोन ते पाच."

सासूबाईंनी एकेक करून पिना काढायला सुरुवात केली. ते बघून नंबरताईचा दिवसभर दाबून ठेवलेला संताप एकदम वर आला.

"मदत केंद्र कुठेय?" तिने विचारलं.

मदत केंद्रावरही रांग होती. साठएक माणसं आणि एकच खिडकी. खिडकीत पस्तिशीची एक बाई, बोलून बोलून घसा बसलेली. बाजूला पाटी होती, 'तक्रारीसाठी अ‍ॅपवर वेळ राखा'. लेकीने पाहिलं तर तक्रारीची पहिली मोकळी वेळ दुसऱ्या दिवशी साडेदहाची होती.

नंबरताई दोन मिनिटं नुसती बघत राहिली. कुणाची छत्री हरवली होती, कुणाला व्हीलचेअर हवी होती, कुणाला बाहेर जायचं दार सापडत नव्हतं, आणि उरलेले सगळे महाकोलांटीचे. प्रत्येक जण खिडकीशी जाऊन सकाळी सातपासूनची आपली कर्मकहाणी सांगत होता आणि घसा बसलेली बाई प्रत्येकाला तेच उत्तर देत होती. नंबरताईला ते बघवेना. स्वयंपाक करणाऱ्याला दुसऱ्याच्या गॅसवर दूध उतू जाताना बघून जसं होईल, तसं तिचं झालं.

"अहो, जरा धरा," म्हणून तिने पर्स नवऱ्याकडे दिली आणि ती रांगेच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली. आवाज दवाखान्यातला. फार मोठा नव्हे, पण मागच्या बाकापर्यंत जाणारा.

"महाकोलांटीची वेळ ज्यांची गेली, त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. तिने मोजले. एकेचाळीस.

"तुम्हा सगळ्यांचं दुखणं एकच आहे. मग या बाईंनी ते एकेचाळीस वेळा का ऐकायचं? भिंतीलगत या. छत्रीवाले, व्हीलचेअरवाले, तुम्ही खिडकीशी थांबा. बाहेरचं दार कुणाला हवंय? ते बघा, त्या निळ्या पाटीच्या उजवीकडे."

रांगेतून सात माणसं तिथल्या तिथे कमी झाली. एक टकले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, माझं फक्त दोन मिनिटांचं..."

"माहितीये. तुमचा नंबर सहा."

तिने पार्कचा नकाशा फाडून त्याचे चौकोन केले आणि जो जसा आला होता तसे नंबर लिहून वाटले. सासूबाई आणि लेक सगळ्यांत शेवटी आल्या होत्या. त्यांना चाळीस आणि एकेचाळीस मिळाले.

"आई! आपण स्वतःच नंबर वाटतोय ना?" लेक कळवळली.

"म्हणूनच."

वीस मिनिटांत खिडकी मोकळी झाली. घसा बसलेल्या बाईने पहिल्यांदाच पाण्याचा घोट घेतला आणि हळूच विचारलं, "तुम्ही मुख्य कार्यालयाकडून आलात का?"

"नाही हो, दातांच्या दवाखान्यातून."

एवढ्यात सुपरवायझर आला. घाईत होता, कानाला वायरलेस यंत्र लावलेलं. भिंतीशी शिस्तीत उभे असलेले एकेचाळीस लोक बघून तो गोंधळलाच. नंबरताईने त्याला चार वाक्यांत सगळं सांगितलं. त्याने हात झटकले. "ताई, माझ्या हातात काही नाही. सिस्टिमने वेळा बदलल्या. सिस्टिमच्या पुढे मी जाऊ शकत नाही."

"राइड कधी सुरू होणार?"

"तेही सिस्टिममध्ये दिसेल."

इतका वेळ पर्स धरून उभा असलेला नवरा तेवढ्यात म्हणाला, "झाली सुरू." सगळ्यांनी वर पाहिलं. महाकोलांटीची गाडी रिकामीच रुळावरून धडाडत गेली. "ही तिसरी फेरी. लिफ्ट दुरुस्त झाली की आम्हीही अशीच रिकामी फिरवून बघतो. बिघाड दूर झालाय. पाच मिनिटांत दार उघडतील."

सुपरवायझरच्या कानातलं यंत्र खरखरलं आणि त्याचा चेहराच सांगून गेला की, लिफ्टवाला बरोबर बोलतोय.

"आता बघा," नंबरताईने त्याला समजुतीने सांगितलं. "राखीव रांगेतले सगळे तुमच्या सिस्टिमने भोपळ्यात बसवले. म्हणजे राखीव दारातून तासभर कुणीच येणार नाही. अर्ध्या गाड्या रिकाम्या जातील. इकडे माझ्याकडे एकेचाळीस माणसं आहेत, नंबरासकट. तुम्ही नाही म्हणा, मी त्यांना पुन्हा या खिडकीशी उभं करते. एकेक करून."

खिडकीतल्या बाईने सुपरवायझरकडे अशा काही नजरेने पाहिलं की तो म्हणाला, "चला."

त्यांची वरात राखीव दाराशी पोचली. नंबरताई दारात उभी राहून पुकारत होती आणि माणसं आत जात होती. पहिल्या गाडीत चोवीस बसले. दुसरीत शेवटी नंबर सदतीस, अडतीस, एकोणचाळीस, आणि चाळीसला सासूबाई ताठ मानेने आत गेल्या.

"एकेचाळीस," नंबरताई म्हणाली.

कुणी हललं नाही. लेक पांढरीफटक पडली होती. पहिल्या गाडीतल्या टकल्या गृहस्थांना परत येताना तिने पाहिलं होतं. ते दोन माणसांच्या आधाराने उतरले होते.

"आई, मी नाही बसत. मी खाली थांबते बाबांजवळ."

दारावरच्या माणसाने घड्याळाकडे पाहिलं. "आजींना एकट्यांना सोडता येणार नाही. सोबत घरचं कुणीतरी हवं. नाहीतर त्यांनाही उतरावं लागेल."

आत सासूबाईंनी शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला होता आणि त्या दाराकडे बघत होत्या. पिना पुन्हा लावलेल्या. नंबरताईने नवऱ्याकडे पाहिलं. तो गर्दीपलीकडे लांब कठड्याशी उभा होता. तिने लेकीच्या हातातला कागदाचा चौकोन घेतला आणि ती आत गेली. आपण हे काय करतोय याचा विचार तिने कंबरेवर लोखंडी दांडा बसल्यावर केला, पण तेव्हा उशीर झाला होता.

"तू आलीस?" सासूबाई म्हणाल्या. "तुला तर शिडीवर चढायची भीती वाटते."

"आई, बोलू नका माझ्याशी."

गाडी टकटक करत चढत गेली. खाली माणसं दाण्याएवढी झाली. शिखरावर ती क्षणभर थांबली आणि मग जग खालून निघून गेलं. पहिल्या कोलांटीत नंबरताईने डोळे मिटले. दुसऱ्या कोलांटीत तिला शेजारून एक शिवी ऐकू आली, खणखणीत, आणि तिने चकित होऊन डोळे उघडले. पस्तीस वर्षं ग्रंथालयात 'शूऽ' म्हणणारी ती बाई उलटी लटकून घसा फाडून ओरडत होती. नंबरताईला हसू फुटलं. तिसऱ्या कोलांटीत दोघी ओरडत होत्या, आणि कोण काय म्हणालं याची चर्चा पुढे घरात कधीच झाली नाही.

उतरल्यावर नंबरताई सरळ हिरवळीवर जाऊन आडवी झाली. सासूबाईंचे गाल लाल झाले होते. त्यांनी चष्मा पुसला, घातला आणि म्हणाल्या, "पुन्हा."

"आई, साधी रांग एकशे दहा मिनिटांची आहे," नवरा म्हणाला. "सातला पार्क बंद होतं."

"मग वेळ का घालवतोस? चल."

तो मुकाट्याने आईबरोबर गेला. नंबरताई गवतावर पडून होती, शेजारी लेक आईस्क्रीम खात होती. दोऱ्यांच्या वळणांतून ती दोघं मायलेक मधूनच दिसत, मधूनच दिसेनाशी होत. आधी नुसती उभी होती. मग सासूबाई काहीतरी सांगू लागल्या. मग नवरा हातवारे करून बोलू लागला, बहुतेक एखाद्या अडकलेल्या लिफ्टची गोष्ट. एकदा तर दोघं एवढी हसली की मागच्यांना 'पुढे सरका' म्हणावं लागलं. घरी तो संध्याकाळी थकून यायचा, जेवायचा आणि झोपायचा. इतकं बोलताना नंबरताईने त्याला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

"मी जाऊ का त्यांच्यात?" लेकीने विचारलं.

"नको. मध्ये घुसायचं नाही."

सातला दोन मिनिटं असताना दारावरच्या माणसाने साखळी लावली. सासूबाईंच्या पुढे बारा माणसं उरली होती. लेकीने कपाळावर हात मारला. नंबरताई उठून बसली, पुन्हा एकदा सुपरवायझरला शोधावं का, असा विचारही तिच्या मनात आला.

पण ती दोघं रमतगमत येत होती. नवऱ्याने आईचा हात धरला होता आणि सासूबाईंची गोष्ट अजून संपली नव्हती.

"नाही मिळाली?" नंबरताईने विचारलं.

"नाही," सासूबाई गवतावर टेकत म्हणाल्या. "पण रांग छान होती. ए पोरी, मला एक आईस्क्रीम आण बघू. आणि सूनबाई, हा सांगतोय तो लिफ्टमधल्या नवरदेवाचा किस्सा खरा आहे का गं?"

"कोणता नवरदेव?" नंबरताई म्हणाली. तिलाही तो माहीत नव्हता.

नवरा मांडी घालून बसला आणि त्याने पहिल्यापासून सुरुवात केली.