दहाचा एक

गाद्या बनवणाऱ्या त्या कंपनीत गोड लिहिण्यासाठी एक माणूस खास पगारावर ठेवला होता. सगळे त्याला पत्रलेखक म्हणत. गोदामाला आग लागली तर 'गोदामात ऊब वाढली आहे' असं लिहिण्याची त्याची तयारी.

कंपनीच्या शेअरचा भाव नव्वद रुपयांवरून घसरत घसरत दोनवर आला होता. सहा महिने तो पाचाच्या खाली राहिला, तर शेअर बाजार कंपनीचं नाव यादीतून काढून टाकणार होता. वरच्या मजल्यावर सगळ्यांचं धाबं दणाणलं. मोठ्या साहेबांनी पत्रलेखकाला बोलावलं.

"दहा शेअरचा एक करायचा. भाव दोनाचा वीस! झकास पत्र लिही."

"पण साहेब, आधी दहा शेअरचे वीस यायचे, आता एकाचे वीस. लोकांना जास्त काय मिळालं?"

"मान मिळाला. दोनाच्या शेअरकडे बडे गुंतवणूकदार ढुंकून बघत नाहीत. वीसचा कसा चारचौघांत बसवता येतो."

साहेबांचा नोकरीचा करार टेबलावर उघडाच पडला होता. भाव पंधराच्या वर गेला की त्यांना घसघशीत बक्षीस. गाद्या किती खपल्या, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

पत्रलेखकाने सगळ्या शेअरधारकांना लिहिलं, 'आपला शेअर नव्या उंचीकडे!'

ऑफिस झाडणाऱ्या मावशी ते पत्र हातात घेऊन त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. बावीस वर्षांची नोकरी. एकदा पगारवाढ मागितली, तेव्हा 'तुम्ही आता मालकीण' असं म्हणत कंपनीने आठ शेअरवर त्यांची बोळवण केली होती.

"माझ्या आठाचं काय होणार?"

पत्रलेखक घुटमळला. "आठात एक पुरा होत नाही, मावशी. त्याचे सोळा मिळतील."

"म्हणजे मला काढून टाकलं. मग या उंचीवर जाणार कोण?"

जेवणाच्या सुट्टीत त्याने दोन शेअर विकत घेतले आणि मावशींच्या नावावर केले. खर्च चार.

मावशींनी सही करताना डोळे बारीक केले. "यात तुमचा काय फायदा?"

"झोप लागेल," तो म्हणाला.

ठराव बिनबोभाट पास झाला. मावशींच्या दहाचा एक झाला, भाव वीस झाला, साहेबांनी बक्षीस खिशात घातलं. गाद्या मात्र पूर्वीसारख्याच पडून राहिल्या आणि वर्षभरात भाव सहावर आला.

वार्षिक सभेत मावशी पहिल्या रांगेत बसल्या. साहेबांनी त्यांना पाण्याच्या जारकडे बोट दाखवलं.

"पाणी दुसरं कुणी आणेल. आज मी मालकीण म्हणून आलेय," मावशी उठून म्हणाल्या. "भाव वर गेला म्हणून तुम्ही बक्षीस घेतलंत. आता तो खाली आलाय. ते बक्षीस परत कधी करताय?"

"प्रश्न तांत्रिक आहे, बाई."

"तांत्रिक कसला? वजाबाकी आहे."

सभेत हशा पिकला. साहेब पत्रलेखकाच्या कानाशी वाकले. "हे इतिवृत्तात नको."

त्याने मावशींचा प्रश्न शब्दन् शब्द लिहिला आणि खाली नोंदवलं, 'उत्तर मिळाले नाही.'

सोमवारी त्याची गोदामात बदली झाली. मावशींनी तोच प्रश्न आता रीतसर पत्राने पाठवला आहे. ते पत्र दोन महिने साहेबांच्या टेबलावर पडून आहे, कारण असल्या पत्राला उत्तर लिहू शकणारा माणूस वरच्या मजल्यावर उरलेला नाही.