पाण्याच्या चालीनं

सायकल जोरात काय, कुणीही हाणतं. हळू चालवून दाखवा म्हणावं. आणि हळू म्हणजे किती, तर कोरड्या कालव्यात सोडलेल्या पाण्याचं पहिलं टोक ज्या चालीनं सरकतं, तितकं हळू. बासष्ट वर्षांच्या तुंगाबाईंनी हा उद्योग करायचं ठरवलं तेव्हा म्हैसूरच्या त्यांच्या सायकल ग्रुपातल्या हेल्मेटवाल्या मंडळींनी पोट धरून हसून घेतलं. एकटी गुंजन हसली नाही. ही पुण्याची पोरगी, आयटीतली, तुंगाबाईंच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी. पन्नास किलोमीटर झाल्याशिवाय तिला रविवार साजरा झाल्यासारखा वाटत नसे.

"मी येते काकू," ती म्हणाली, "पण जायचं कशासाठी ते तरी सांगा."

"सुम्ने," तुंगाबाई म्हणाल्या. म्हैसुरात ज्याचं कारण सांगायचं नसतं ते सगळं सुम्ने असतं, उगीच.

कारण होतं, आणि छत्तीस वर्षांचं जुनं होतं. तुंगाबाई पाटबंधारे खात्यात ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागल्या तेव्हा कृष्णराजनगरच्या पलीकडचा अठरा किलोमीटरचा एक शाखा कालवा त्यांच्या वाट्याला आला. त्याच्या शेवटच्या टप्प्याची पातळी त्यांनी स्वतः घेतली होती. कालवा खणून झाला, पण शेवटच्या मूडलकोप्पलु गावाला पाणी काही पोचलं नाही. वरच्या गावांना मिळालं आणि शेवटचे दीड किलोमीटर ठणठणीत कोरडे. गाव म्हणालं, बाईमाणसाचं माप चुकलं. साहेबांनी फाइलवर 'पातळी संशयास्पद' असा शेरा मारला आणि फाइल बांधून टाकली. पुन्हा मोजायला कुणी गेलं नाही.

तुंगाबाईही गेल्या नाहीत. तीच तर खरी बोच होती. पुढे त्यांनी पूल बांधले, बंधारे बांधले, बढत्या घेतल्या आणि मानानं निवृत्त झाल्या. पण मोजणीच्या त्या शेवटच्या दिवशी अंगात ताप होता, आणि तेव्हाच्या दुर्बिणीतून मोजपट्टी उलटी दिसायची. उलटा सहा म्हणजे नऊ. आपण सहा वाचला की नऊ? फरक फूटभराचा, आणि फूटभर चढ पाण्याला पुरतो. एखाद्या रविवारी यंत्र घेऊन गेलं असतं तर दोन तासांत निकाल लागला असता. त्यांना भीती वाटायची, दुसरं काही नाही.

यंदा मात्र कालव्याचा वरचा भाग सिमेंटनं पक्का झाला. शुक्रवारी सकाळी साडेसहाला शेवटच्या गावापर्यंत पाणी सोडणार, असं पेपरात चार ओळींत आलं. तुंगाबाईंनी ते कात्रण पर्समध्ये ठेवलं आणि मंडी मोहल्ल्यातल्या मेस्त्रीकडून सायकलचे ब्रेक घट्ट करून आणले. आता निकाल पाणीच लावणार होतं, मग आपण हजर नको?

शुक्रवारी नवऱ्यानं, म्हणजे नरसिंहमूर्तींनी, दोघींना सायकलींसकट कालव्याच्या तोंडाशी सोडलं. "मी गाडी घेऊन शेवटच्या गावात थांबतो. बिसिबेळेभाताचा डबा माझ्याजवळ आहे," ते म्हणाले. "पाणी येवो न येवो, तू नक्की ये."

दरवाजा वर गेला आणि पाणी आलं. पण बघत उभं राहायला सवड कुणाला होती! पाण्याचं टोक निघालंसुद्धा. पुढे फेसाची झालर, तिच्यात वाळकी पानं, एक प्लास्टिकची चप्पल, नारळाची करवंटी आणि जीव मुठीत घेऊन उड्या मारणारे बेडूक.

कालव्याच्या काठानं सपाट मातीचा रस्ता होता. एका बाजूला भाताची रोपं तकतकीत हिरवी, दुसऱ्या बाजूला ऊस आणि माड. गुंजननं सवयीनं चार पॅडल मारली आणि पाणी अर्धा मैल मागे टाकलं. परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली.

"काकू, हे फारच हळू आहे हो! माझा तोल जातोय."

"मग उतर गे. स्वल्प चाल, स्वल्प बस. पाण्याला काय घाई हाय?" तुंगाबाई आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या.

तिसऱ्या किलोमीटरच्या दगडापर्यंत गुंजन कुरकुरली. पाचव्यापाशी तिनं घड्याळातलं ते वेग दाखवणारं अॅप बंद केलं. सातव्यापाशी तिला पाण्याचं वेड लागलं. पाणी खड्ड्यात थबकलं की ही काठावरून ओरडायची, "चल, चल, भर लवकर!" खड्डा भरून पाणी पुढे सांडलं की घंटी वाजवायची. बगळ्यांना तर आयती मेजवानी होती. तेही पाण्याबरोबर टप्प्याटप्प्यानं उडत येत होते. भातखाचरातल्या बायका हात उंचावून "नीरु बंतु!" म्हणून हाका द्यायच्या, पाणी आलं म्हणून, आणि तुंगाबाई प्रत्येकीला उलट हाक द्यायच्या. इतकं मोठ्यानं त्या गेल्या वीस वर्षांत ओरडल्या नव्हत्या.

अकराव्या दगडापाशी दोघी केळीच्या पानातली इडली खायला बसल्या. पाणी पायांखालून पुढे गेलं आणि तुंगाबाईंनी सहा-नऊची सगळी कथा एका दमात सांगून टाकली.

गुंजन इडली हातात धरून ऐकत राहिली. "म्हणजे आज तुमचा रिझल्ट आहे?"

"हौदु, होय. छत्तीस वर्षं लेट."

"अहो, मग बसलाय काय! उठा!"

सोळाव्या दगडाच्या पुढे खांद्यावर फावडं टाकलेला नीरगंटी भेटला. गावोगावचं पाणी वाटून देणारा हा माणूस म्हणजे कालव्याचा पोस्टमनच. तुंगाबाई कोण हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं.

"इथून रस्त्याखालच्या मोरीपर्यंत जाईल अम्मा," तो कन्नडमध्ये म्हणाला. "मोरीपुढे चढ आहे. कुणी एक इंजिनिअर बाई होती, तिनं घोळ घातला. आमच्या वडिलांपासून ऐकतोय."

तुंगाबाईंनी मान डोलावली. सायकल मोरीच्या दिशेनं पुढे काढली.

मोरीपलीकडे अख्खं मूडलकोप्पलु काठावर जमलं होतं. सगळ्यात पुढे जयलक्ष्मी नावाची साठीची बाई हळद-कुंकवाचं ताट घेऊन उभी होती, पण ताट पदराखाली झाकलेलं. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर कोण उगीच आशा दाखवील? नरसिंहमूर्ती गाडीला टेकून उभे होते.

पाणी मोरीतून बाहेर आलं, तीस-चाळीस पावलं पुढे गेलं आणि थांबलं.

समोर गवतानं भरलेला कालव्याचा तळ हलकेच वर चढत गेला होता. पाणी त्या चढाच्या पायथ्याशी पसरलं आणि करवंटी तिथंच गोल गोल फिरायला लागली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. "हेळिदेनल्ला," नीरगंटी म्हणाला, सांगितलं होतं ना. लोक पांगायला लागले. एक ट्रॅक्टर त्या चढावरूनच कालवा ओलांडून पलीकडच्या शेतात गेला.

नऊच वाचला आपण, तुंगाबाईंना वाटलं. एवढ्या लोकांचं भात आपल्या तापानं वाळलं. गुंजननं त्यांचा हात धरला, पण त्यांचे डोळे ट्रॅक्टरकडे लागले होते. मग काठाकडे. मग पुन्हा ट्रॅक्टरच्या चाकोरीकडे.

"गुंजन," त्या एकदम म्हणाल्या, "सतरा नंबरचा दगड कुठं हाय गे?"

"कुठला दगड?"

"सोळा दिसला. सतरा दिसला नाही. मोरीपासून साठ पावलं, डाव्या कडेला, तळात. मीच बसवलेला, उभं राहून. गुडघ्याएवढा उंच दिसायला पाहिजे!"

त्या साडी खोचून कालव्यात उतरल्यासुद्धा. साडी नेसून सायकल चालवणाऱ्या बाईला कालव्यात उतरायचं काय अवघड? एक, दोन, तीन करत त्यांनी साठ पावलं मोजली. चढाचा माथा तिथंच होता. त्यांनी नीरगंटीच्या हातातलं फावडं जवळजवळ हिसकावून घेतलं. चार घाव घातले, माती. आणखी चार, माती. मग गुंजन उतरली आणि तिच्यामागून नरसिंहमूर्ती नव्या चपलांसकट. फूटभर खाली फावडं टणकन वाजलं.

दगडाचा माथा होता तो. माती बोटांनी खरवडली तसा आकडा दिसला, सतरा.

"हा चढ माझा नव्हे!" तुंगाबाई कन्नडमध्ये ओरडल्या. "तळ इथून अडीच-तीन फूट खाली आहे! ही माती कुणी टाकली?"

माती गावानंच टाकली होती. पहिल्या वर्षी वरच्यांनी पाणी पळवलं, खाली थेंब आला नाही. पाणी यायचंच नसेल तर कालवा मोकळा कशाला, म्हणून पलीकडच्या शेतांत जायला भराव घातला. दरवर्षी थोडी थोडी माती पडली, गवत वाढलं, आणि ज्यांनी भराव घातला ते गेले. राहिलं ते बाईनं घातलेल्या घोळाचं बोलणं.

पुढची वीस मिनिटं मूडलकोप्पलुत जो गोंधळ झाला तो काय सांगावा! कुदळी आल्या, घमेली आली, शाळा अर्धी सुटली आणि ट्रॅक्टरवाल्यानं नांगर घालून मधोमध चर काढला. मागे पाणी चढत होतंच. शेवटचं ढेकूळ नीरगंटीनं पायानं ढकललं आणि सगळे काठावर पळाले. करवंटी चराच्या तोंडाशी आली, अडखळली आणि सुटली.

जयलक्ष्मीनं पदर बाजूला केला. ताट पुढे धरून ती म्हणाली, "तुम्हीच पाण्याला हळद-कुंकू घाला, इंजिनिअरम्मा." मग हळूच विचारलं, "इतकी वर्षं का नाही आलात? एकदा येऊन बघितलं असतं तर?"

उत्तर द्यायला तुंगाबाईंना जड गेलं. पण त्यांनी दिलं. "भ्याले होते. माझीच चूक असेल म्हणून."

"आम्हालाही वाटलं नाही एकदा खणून बघावं असं," जयलक्ष्मी म्हणाली आणि ताट तिनं त्यांच्या हातात दिलं.

तुंगाबाईंनी चिमूटभर हळद पाण्यावर सोडली. ती पिवळी रेघ वाहत पुढे निघाली तशी त्यांनी ताट नरसिंहमूर्तींकडे दिलं आणि सायकल उचलली. गावचं तळं अजून किलोमीटरभर लांब होतं. तिथवरचा तळ त्यांनीच मोजलेला होता, सहा वाचून.

"काकू, हळू! पाणी मागे राहील!" गुंजन ओरडली.

"राहू दे! रस्ता माहीत हाय आता त्याला!" म्हणत तुंगाबाई सीटवरून उठून पॅडल मारत सुटल्या, आणि पन्नास किलोमीटरवाल्या गुंजनला त्यांना गाठता गाठता धाप लागली.