आली मधोमध

धाकट्याचा फोन आला तेव्हा कानसेन जमिनीवर फतकल मारून एका जुन्या रेडिओची पाठ उघडत होता.

"नऊ वर्षं माझ्या मागे लागला होतात ना? या आणि घेऊन जा," धाकटा म्हणाला. "भाऊ गेला माझा. आता कुणाशी भांडू?"

कानसेन हे काही त्याचं नाव नव्हे. जुने अँप्लिफायर, स्पीकर, रेकॉर्ड वाजवायची यंत्रं हुडकून आणायची, खोलायची, साफ करायची आणि पुन्हा गाती करायची, हा त्याचा चाळीस वर्षांचा धंदा. त्यावरून गल्लीनं हे नाव ठेवलं होतं. तो मात्र आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे, "कानसेन मी नव्हे, ही," आणि बायकोकडे बोट दाखवी. ती हसून आत निघून जाई.

ती गेली त्याला चार महिने झाले होते.

धाकटा ज्याबद्दल बोलत होता तो काचेच्या दिव्यांसारख्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर होता. खरं तर अर्धा. ही जोडीच असते, एक डाव्या स्पीकरसाठी आणि एक उजव्यासाठी. कारखान्यानं अशा जोड्या हातावर मोजण्याइतक्याच काढल्या आणि मग कारखानाच बंद पडला. त्यांतली एक धाकट्याच्या वडिलांकडे होती. मागच्या पत्र्यावर त्यांनी लाल रंगानं एकावर 'डा' आणि दुसऱ्यावर 'उ' लिहिलं होतं. वडील गेले आणि दोघा भावांनी घरातल्या वस्तू न् वस्तूची वाटणी केली. पातेली निम्मी, खुर्च्या निम्म्या, तशी जोडीही निम्मी. डावा थोरल्यानं नेला, उजवा धाकट्यानं. एक बूट ह्याच्या पायात, एक त्याच्या, आणि दोघंही लंगडत आपापल्या घरी गेले.

थोरल्यानं डावा कानसेनला विकला. तेव्हापासून धाकट्याचं एकच पालुपद होतं. "तुम्ही त्याचे माणूस. माझ्या वाट्याचा मी विहिरीत टाकीन, पण त्याच्या वाट्याशेजारी ठेवणार नाही."

त्यामुळे डावा नऊ वर्षं कपाटावर झाकून पडला होता. बायको अधूनमधून त्याची धूळ पुसायची. "विधुर आहे बिचारा," म्हणायची. "येईल हो तुझीही."

"उजवा मिळू दे," कानसेन म्हणायचा. "मग तुला कळेल मधोमध म्हणजे काय ते. आजवर ऐकलंस ते सगळं विसरशील."

मधोमध म्हणजे असं. दोन्ही बाजू नीट जुळल्या की गाणारी बाई डाव्या स्पीकरमध्येही नसते आणि उजव्यातही नसते. ती मधल्या रिकाम्या भिंतीपाशी येऊन उभी राहते. तिथे काही नसतं, तरी ती तिथे असते. मीटर लावून बरंचसं जुळवता येतं, पण शेवटचं केसभर कानानंच जुळवावं लागतं. आणि दुरुस्त करणाऱ्याचे कान लबाड असतात. चार दिवस मान मोडून काम केलं की त्यांना सगळंच गोड लागतं. म्हणून कानसेन खुर्चीत बसे, यंत्र हाताशी घेई, आणि बायको त्याच्या डाव्या हाताला स्टुलावर बसे.

"आली का?"

"अजून नाही."

"आता?"

"थांबा जरा. हं. आली मधोमध."

ती एवढं म्हणाली की तो स्क्रू आवळून झाकण लावी. इतक्या वर्षांत एकही यंत्र तक्रार होऊन परत आलं नव्हतं.

धाकट्याच्या घरी उजवा गॅलरीत सापडला. त्याच्यावर झाडाची कुंडी होती. पाणी झिरपून झाकण गंजलं होतं.

"कुंडी ठेवलीत?" कानसेनच्या तोंडून निघून गेलं.

"मग काय डोक्यावर घेऊन नाचू? मुद्दाम ठेवली. फोटो काढून भावाला पाठवला. दोन दिवस जेवला नाही म्हणे." धाकटा हसला आणि मग ते हसू नुसतंच चेहऱ्यावर राहून गेलं. "पैसे नकोत मला. दोन्ही एकत्र वाजले की एकदा बोलवा. वडील होते तेव्हा ऐकलेलं. रविवारी सकाळी येतो, चालेल?"

कानसेननं तिथेच मीटर लावून ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी तपासली. तसली गुंडाळी आता कुणी करत नाही. ती जळाली असती तर पुढे काही करण्यासारखं नव्हतं. काटा हलला. 'बघ, जिवंत आहे,' तो मनात म्हणाला. कुणाला म्हणालो ते ध्यानात आलं तशी त्यानं घाईघाईनं मीटर खिशात घातला.

घरी आणून खोलला तर आत उंदरांनी संसार मांडलेला. त्यानं कुरतडलेल्या तारा काढल्या, वाळून फुटलेले कपॅसिटर बदलले, व्हॉल्व्हच्या खोबण्या एकेक करून घासल्या. मग वीज दिली, पण एकदम नाही. इतकी वर्षं निजलेल्या यंत्राला एका झटक्यात पूर्ण वीज दिली तर ते मरतं. पहिल्या दिवशी थोडी, दुसऱ्या दिवशी आणखी थोडी, उपासानं खंगलेल्या माणसाला पेज पाजावी तशी. चौथ्या दिवशी व्हॉल्व्ह लालसर पेटले. त्यानं डावा कपाटावरून उतरवून शेजारी ठेवला. 'डा' आणि 'उ' जवळजवळ आले. त्याला बरं वाटायला हवं होतं. तो ते वाटण्याची वाट बघत बसला आणि मग उठून भांडी घासली.

शनिवारी दुपारी मेहुणी आली. बायकोची थोरली बहीण. कपाटातले कपडे आवरून देते म्हणाली होती.

"जेवलात का भाऊजी?"

"जेवलो."

"कधी?"

"काल."

"धन्य आहे तुमची," म्हणत तिनं पदर खोचला, कुकर लावला आणि कपाट उघडून घड्या घालायला बसली. कानसेन दारात उभा राहिला. त्याला कपडे बघवत नव्हते, म्हणून तो दुसरंच बोलला.

"ताई, जोडी पुरी झाली. उद्या तो माणूस ऐकायला येतोय. मीटरनं जुळवलंय सगळं. पण शेवटचं कोण सांगणार? तिचा कान आता कुठून आणू?"

मेहुणीचा हात थांबला. "कुठला कान?"

"म्हणजे?"

"आता माझ्यापुढे कशाला हे सोंग, भाऊजी? ती गेली बिचारी." तिनं वर बघितलं आणि त्याचा चेहरा पाहून तिच्या मांडीवरची घडी सुटली. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"काय ठाऊक नव्हतं?"

"अहो, डाव्या कानानं तिला ठार ऐकू येत नव्हतं. सहा वर्षांची असताना ताप आला होता, त्यात गेला तो. चौतीस वर्षं संसार केलात. मी धरूनच चालले होते की कधीतरी बोलली असेल."

कानसेन खाली बसला. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. दुसऱ्यांच्या यंत्रातली मुंगीएवढी खरखर त्याला तीन खोल्यांपलीकडून कळायची. आणि घरात हाक मारली की बायको भलतीकडेच बघायची, त्यावर त्यानं चौतीस वर्षं विनोद केले होते. "हिला पूर्वेकडून बोलवा, ही पश्चिमेला जाईल." रस्त्यानं चालताना ती नेहमी वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला यायची. पाहुणा पलीकडून काही बोलला की नुसती हसून मान हलवायची. शेजारीण टोचून बोलली तेव्हा तो म्हणाला होता, अगं, या कानानं ऐकायचं आणि त्या कानानं सोडून द्यायचं. तेव्हा ती म्हणाली होती, "मला नाही हो जमत ते. माझ्यात गेलं की आतच राहतं." तो खो खो हसला होता. तीही हसली होती.

"पण मग ती सांगायची कशी?" त्यानं विचारलं. "एका कानाला मधोमध कळतच नाही, ताई. मधोमध असायला दोन कान लागतात."

"तुमचा पाय."

"माझा पाय?"

"डाव्या पायाचा अंगठा. आवाज मनासारखा लागला की यांचा अंगठा हलायला लागतो, यांना पत्ताही नसतो, म्हणायची. तो हलला की ती सांगायची, आली." मेहुणीनं डोळ्यांना पदर लावला. "मी म्हणायचे, सांगून टाक ना एकदाचं. तर म्हणाली, लग्नानंतर आठवड्यात सांगणारच होते. पण तेवढ्यात यांनी चार माणसांत सांगून टाकलं, हिचा कान सोन्याचा आहे म्हणून. आता कसं सांगू की सोन्याचा खरा, पण एकच आहे?"

कुकरची शिट्टी झाली. कुणी उठलं नाही.

कानसेनला दवाखान्यातली खाट दिसत होती. शेवटच्या दोन दिवसांत नर्सनं तिला उजव्या कुशीवर निजवलं होतं. तोंड भिंतीकडे, डोळे मिटलेले. तो पाठीमागे खुर्ची ओढून बसला होता आणि तिच्या वरच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होता. जन्मात बोलला नव्हता तेवढं बोलला. तू नसलीस तर मी कुणाला विचारू, असं म्हणाला. माझं चुकलं असेल ते पोटात घाल, असंही म्हणाला. दोन दिवस. वरचा कान डावा होता.

"ताई," तो म्हणाला, "गॅस बंद करा."

मेहुणी संध्याकाळी गेली. भात तसाच राहिला.

रविवारी सकाळी त्यानं रेकॉर्ड लावली आणि खुर्चीत बसून स्वतःच्या डाव्या अंगठ्याकडे बघत राहिला. बटण केसभर इकडे, केसभर तिकडे. अंगठा हलेना. आपण बघतोय म्हटल्यावर तो कसला हलतोय? म्हणजे इतकी वर्षं तो स्वतःलाच विचारत होता आणि स्वतःच उत्तर देत होता. आणि आता तेही जमत नव्हतं. त्यानं सोल्डरच्या डब्यातला कापूस घेतला, डाव्या कानात घट्ट कोंबला आणि तिच्या स्टुलावर जाऊन बसला.

बाई भिंतीपाशी नव्हती. कुठेच नव्हती. एका बाजूनं नुसता आवाज येत होता, शेजारच्या घरात कुणी गातंय तसा. त्यानं पुन्हा बटणं फिरवून पाहिली. काही फरक पडला नाही. स्टुलावरून समोरची भिंत अर्धीच दिसत होती. दिसत होती ती खुर्ची, आणि खुर्चीपुढची पाय ठेवायची फरशी.

कुणीतरी ठोठावलं. तो उठून खिडकीपाशी गेला. खिडकीबाहेर कुणी नव्हतं. पुन्हा ठोठावल्यावर त्याला कळलं की आवाज दाराचा आहे.

धाकटा कपडे इस्त्री करून आला होता. वडिलांची एक रेकॉर्ड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. कानसेननं त्याला खुर्चीत बसवलं, यंत्रं स्टुलाजवळ ओढली आणि आपण स्टुलावर बसला. कानातला कापूस काढायचा राहून गेला. की ठेवला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

गाणं सुरू झालं. धाकटा दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून ताठ बसला होता. थोड्या वेळानं म्हणाला, "थोरल्याकडे झुकतोय का हो आवाज?"

"असेल," कानसेन म्हणाला. त्यानं 'डा'चं बटण केसभर मागे घेतलं.

"आता माझ्याकडे आला वाटतं."

पुन्हा केसभर पुढे. कानसेनला काहीही कळत नव्हतं. तो धाकट्याकडे बघत होता. पाय हलत नव्हते. मान हलत नव्हती. पण उजव्या हाताचं एक बोट खुर्चीचं लाकूड सारखं खरवडत होतं. कानसेन त्या बोटावर डोळे लावून बटण फिरवत राहिला, दम धरून, घाम येईपर्यंत. एका जागी ते बोट थांबलं.

"आता?" धाकट्यानं विचारलं.

"हं," कानसेन म्हणाला. "आली मधोमध."

धाकट्याचा चेहरा पिळवटला. "हो हो. आली. ना त्याच्या वाट्याला, ना माझ्या." तो लहान पोरासारखा रडायला लागला. रेकॉर्ड संपेपर्यंत रडला. मग रुमालानं नाक पुसून म्हणाला, "काय गायलीय हो बाई. ती मधली ओळ ऐकलीत?"

कानसेननं ऐकली नव्हती. मधलीही नाही आणि पहिलीही नाही. गाणं कशाबद्दल होतं हेसुद्धा त्याला सांगता आलं नसतं. सगळा वेळ तो एका बोटाकडे बघत होता आणि पाठ मोडल्यासारखी दुखत होती. एका गाण्यात ही गत. तिनं चौतीस वर्षं काढली होती, आठवड्याला चार-चार यंत्रं. स्वयंपाक टाकून येऊन बसायची. त्याला वाटायचं, हौस आहे हिला.

"ऐकली ना," तो म्हणाला.

"जोडी आता तुमच्याचकडे असू द्या. फोडू नका तेवढी."

"नाही फोडत."

तो धाकट्याला सोडायला जिन्यापर्यंत गेला. धाकटा दोन पायऱ्या उतरला, मग वळला आणि कानसेनच्या डाव्या अंगाला उभा राहून खालच्या आवाजात काहीतरी म्हणाला. बराच वेळ बोलला. बोलताना त्यानं कानसेनचा हात धरला होता.

कानसेननं हसून मान हलवली.