मरळीची पेज

लुआकाकूंच्या तिथीच्या दिवशीच कागद आणायचा, असं खिएमकाकांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. आमच्याकडे गेलेल्या माणसाला काही पोचवायचं तर ते जाळतात. काकांना बायकोला रक्ततपासणीचा कागद पोचवायचा होता.

त्यांची मुलगी न्यान एक्केचाळीस वर्षांची आहे. ती कधी बसली नाही, बोलली नाही. काकांची आई मरेपर्यंत सुनेला म्हणत राहिली, "तुझ्या पोटातच खोट." शेवटी शेवटी काकूंनाही ते खरं वाटायला लागलं, याचा मला आजही संताप येतो. काकांचं म्हणणं वेगळं. युद्धात जंगलात असताना विमानांनी फवारलेलं विष आपल्या अंगात मुरलं आणि पोरीत उतरलं, दोष आपला. हे कुणीतरी शिक्क्यानिशी लिहून द्यावं, एवढ्याचसाठी त्यांनी परदेशी लोकांना रक्त काढू दिलं.

त्या मदतीच्या प्रकल्पात मी दुभाषी आहे. युद्धात ज्यांनी ते विष फवारलं, ज्यांची विषाची पिंपं इथे बिएन होआच्या विमानतळावर गळली, तेच आता तिथली माती उपसतात, रक्त तपासतात, घरोघरी नर्स पाठवतात. म्हणजे पाठवत होते. पुढच्या महिन्यापासून नर्स बंद, पैसा तिकडेच आटला. हे मी काकांना दारातच सांगून टाकलं.

"नाही तर नाही. मी आहे ना," काका म्हणाले. सत्तरी कधीच उलटलीय त्यांची. "तू कागद वाच. फोटोसमोर उभी राहून वाच, तिला ऐकू जाऊ दे."

मी वाचलं. न्यानच्या रक्तात विष खूप, काकांच्याही. बहुधा विमानतळामागच्या तळ्यातल्या माशांतून आलेलं. आईने गरोदरपणी ते खाल्ले असावेत. जंगलाचं नाव कुठेच नव्हतं. व्यंगाचं कारण हेच, असंही छातीठोकपणे लिहिलं नव्हतं.

"सुटल्या बघा काकू," मी घाईने म्हणाले. "पोटात खोट नव्हती."

काकांनी न्यानच्या हनुवटीवरची लाळ पुसली.

"पोटुशी होती तेव्हा तिला मरळीची पेज द्यायचो," ते म्हणाले. "पोर हुशार निपजतं म्हणतात. रोज जायचो गळ घेऊन तळ्यावर. नुसत्या रेशनच्या भातावर काय होणार होतं?"

"तेव्हा कुणाला माहीत होतं, काका? तळ्यावर पाटी लागायलाच पुढे पंचवीस वर्षं गेली."

"ती नको म्हणायची. मातकट वास येतो म्हणायची. मी म्हणायचो, नखरे करू नकोस. समोर बसून वाटी संपवायला लावायचो."

फोटोपुढे ठेवलेली उकडलेली कोंबडी गार होत होती.

"मासे कुणी धरले, ते लिहिलंय यात?"

"नाही."

"मग अर्धवटच आहे."

त्यांनी माझं पेन मागून घेतलं. शिक्क्याखाली सावकाश आपलं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'मासे मी आणले'. मी अडवायला हवं होतं. अडवलं नाही.

अंगणातल्या पत्र्याच्या डब्यात कागद जळला. राख निवेपर्यंत काका उकिडवे बसून राहिले. मग आत येऊन त्यांनी न्यानसाठी भात कालवला आणि वाटी घेऊन तिच्यासमोर बसले. न्यानने तोंड फिरवलं.

"नको? नको तर नको," काका म्हणाले, आणि त्यांनी वाटी खाली ठेवली.