कुयरीचा ठसा

अंजनानं आईचा ठसा मागितला, तेव्हा वत्सलाबाईंनी मानसुद्धा वर केली नाही.

"ठसा संस्थेचा हाय. तुझ्या आईचा न्हाई."

केजच्या बाहेर पत्र्याच्या शेडात महिलांची ही सहकारी संस्था चालायची. वत्सलाबाई तिच्या चेअरमन. बाजारातून स्वस्तातला खाकी कागद आणायचा, पिठाच्या खळीत चुना नाहीतर गेरू कालवायचा आणि नक्षी छापायची. लग्नसराईत भेटवस्तू गुंडाळायला शहरातली दुकानं तो कागद उचलत. आधी बायका भेंडी आडवी कापून तिची फुलं उमटवायच्या. दुष्काळात भेंडी दिसेनाशी झाली, तेव्हा अंजनाच्या आईनं, कौशल्याबाईनं, हा ठसा घडवला. लाकडी मूठ आणि खाली मलमलीत गच्च बांधलेली कुयरी. मलमल ती घरीच बदलायची, कुणाला हात लावू द्यायची नाही.

आईचं तेरावं कालच झालं होतं. मुठीवर आईच्या अंगठ्यानं पडलेला खळगा होता. अंजनाला तेवढाच हवा होता.

"मावशी, तुमी दुसरा करून घ्या. मी लाकूड आणून देते."

"आई होती तवा आलीस का कधी? आता बरी आठवण झाली." वत्सलाबाईंनी शेजारी कागद छापत बसलेल्या कडूबाईकडं बघितलं. "हिच्या आईनं लई त्रास दिला. टँकरचं पाणी प्यायला पुरंना अन् ही खळ शिजवायची."

"खळीबिगर कागद छापतात का?" अंजना म्हणाली.

"शिकलेली हायेस, तूच सांग," कडूबाई हसली.

 एक वाक्य अंजनाच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते बोललं तर ठसा मिळणार होता, पण भिंतीवर हार घातलेल्या फोटोतल्या आईचं नाव जाणार होतं. ती उठली. ठसा राहू दे इथंच, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं.

"अन् पाणी घरी बी न्यायची," वत्सलाबाई मागून म्हणाल्या. "पदराखाली तांब्या धरून. चोरच होती ती."

अंजना दारात थांबली.

"नवरात्रात देवीच्या ओटीची साडी कशात गुंडाळली होती, मावशी?"

"ह्याच कागदात. मी सोता गुंडाळली. कावून?"

"मलमल सोडा."

वत्सलाबाईंनी गाठ सोडली. आत निळं रबर होतं. लहान पोरीच्या स्लिपरचा तळ, कुयरीसारखा कोरलेला. कुयरीचा डोळा म्हणजे अंगठ्याजवळचं पट्ट्याचं भोक.

"माझी हाय," अंजना म्हणाली. "आई-बाप ऊसतोडीला जायचे, तवाची. तिनं जपून ठेवली होती. भेंडी मिळंना म्हणून कापली. मला फोनवर सांगताना लई हसली होती."

 वत्सलाबाईंनी ठसा खाली टाकला आणि पायानं दाराकडं ढकलला.

"घे. अन् भायेर हो. देवीला चपला लावल्या तुझ्या आईनं. लोकांच्या लग्नाला लावल्या."

"छापलेल्या गठ्ठ्यांचं काय करायचं?" कडूबाईनं हळूच विचारलं.

"उद्या गाडी येणार हाय. जातील. ह्यातलं कुठं बोललीस तर बघ." मग त्यांनी फोटोकडं बोट केलं. "ते बी काढ तिथून."

कडूबाईनं हार बाजूला ठेवला आणि फोटो अंजनाच्या हातात दिला, तिच्याकडं न बघता.

अंजना बाहेर आली. मूठ हातात होती, अंगठा खळग्यात बरोबर बसत होता. ज्यासाठी ती आली होती ते मिळालं होतं, आणि या शेडात आता आईला कुणी बरं म्हणणार नव्हतं.

मागं शेडाच्या पायरीवर वत्सलाबाई हात धूत होत्या. एक तांब्या संपला, त्यांनी दुसरा मागवला. टँकरचं पाणी पायरीवरून मातीत जात राहिलं. दुसरा संपला तरी त्या हात चोळतच होत्या.

"अजून आण," त्या कडूबाईला म्हणाल्या.