चढावरचं पॅकिंग

अप्पांच्या मुलीनं, चिमटीनं, त्यांच्या जुन्या गाडीच्या कार्ब्युरेटरचा शेवटचा नट सोडवला, हरवू नये म्हणून दातांत धरला आणि दोन्ही हातांनी कार्ब्युरेटर इंजिनावरून उचलून घेतला. दुसऱ्या कुणाच्या तोंडात लोखंड दिसलं असतं तर तिनं त्याची चांगली खरडपट्टी काढली असती, कारण ती दातांची डॉक्टर होती. पण आज तिला कसलं भान नव्हतं. शनिवारची दुपार टळत चालली होती आणि सोमवारी सकाळी गाडी न्यायला भंगारवाला येणार होता.

अप्पा आणि आई हे घर सोडून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला चालले होते. तिथं गाडी ठेवायला जागा नव्हती. चिमटीच्या दारात होती, पण चिमटी राहायची घाटावर, आणि नेमका तो घाटच गाडीला चढवत नव्हता. सपाटीवर कशी लोण्यासारखी चालायची. तिसऱ्या वळणावर पोचली की धापा टाकायची, गचके द्यायची आणि बंद पडायची. जरा निवली की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही.

सल्ले द्यायला सगळे तयार होते. गॅरेजवाला म्हणाला, पंप बदला. तिनं बदलला. मग म्हणाला, रेडिएटर धुऊन घ्या. तेही झालं. शेवटी त्यानं हात झटकले आणि दुसरं इंजिनच घाला म्हणून मोकळा झाला. नवरा म्हणाला, अगं, एवढ्यातेवढ्या नटबोल्टानं काय फरक पडणार आहे, जुनी झाली गाडी. चिमटी त्याच्याशी वाद घालत बसली नाही. तांदळाच्या कणाएवढ्या भोकापायी भलेभले तिच्या खुर्चीत रडताना तिनं पाहिले होते. कुठंतरी काहीतरी एवढंसं चुकलेलं आहे आणि ते सापडल्याशिवाय मी उठणार नाही, असं म्हणून ती इरेला पेटली होती.

तिला खरा राग होता तो अप्पांचा. हा माणूस एकेकाळी एक चकती उरली म्हणून सगळा गिअरबॉक्स पुन्हा उघडणारा. ‘चिमटी’ हे नावही त्यांचंच. त्यांची जाडी बोटं जिथं पोचत नसत तिथं हिची पोचत. आणि आता तेच अप्पा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते, आत डोकावूनही बघत नव्हते. विचारलं तर म्हणाले, “म्हातारी झाली गं ती. सोड नाद.” लग्नानंतर कितीतरी वर्षं ते दर रविवारी याच गाडीनं घाट चढून तिच्याकडे जेवायला यायचे. मग गाडी बंद पडायला लागली आणि त्यांचं येणंही बंद झालं. बसनं या म्हटलं तर नाक मुरडायचे. आपल्यापेक्षा यांना गाडीचीच ओढ होती की काय, असं तिला तेव्हा वाटून गेलं होतं, आणि ते अजून सलत होतं.

तिनं तोंडातला नट काढला आणि कार्ब्युरेटर बसतो तिथले उभे बोल्ट फडक्यानं पुसले. पुसता पुसता थांबली. बोल्ट फार लांब होते. मघाशी नट सोडवताना ते वर बोटभर उघडे राहिलेले तिनं पाहिले होते, पण मनावर घेतलं नव्हतं. कंपनी विनाकारण एवढे लांब बोल्ट देत नाही. इथं मध्ये काहीतरी जाड बसत असणार. आता मात्र तिथं नुसतं कागदी पॅकिंग होतं, पुठ्ठ्याचं, तेलानं काळं पडलेलं. तिनं ते नखानं अलगद सोडवून उजेडात धरलं. भोकं अगदी जागच्या जागी होती. आणि कडेला सगळीकडून बारीक बारीक दाते होते, फ्रॉकच्या कापडाला असतात तसे.

तसे दाते पाडणारी कात्री त्या घरात एकच होती, आईची. लहानपणी त्या कात्रीनं कागद कापला म्हणून चिमटीनं पाठीत धपाटा खाल्ला होता. कागदानं धार जाते.

आई आतल्या खोलीत चादरी घड्या घालून खोक्यात भरत होती. चिमटीनं ते पॅकिंग तिच्यासमोर चादरीवरच ठेवलं. चादर काळी होईल म्हणून आई ओरडली नाही. तिनं ते पाहिलं, उठली, शिलाईचा डबा उघडला आणि बटणांच्या खालून एक काळा ठोकळा काढला. बोटभर जाड, बेकलाइटच्या कडक प्लॅस्टिकचा, मध्ये गोल भोक. चिमटीनं तो हातात घेतला आणि तिथंच खोक्यावर बसली.

“तू काढलास?”

“मग काय करू? डावा डोळा गेला होता त्यांचा. उजवाही चालला होता. फाटकाला घासली गाडी, ते म्हणाले फाटकच वाकडं आहे. एकदा सायकलवरची मुलगी थोडक्यात वाचली, तर म्हणाले, तीच मध्ये आली. डोळ्यांचं नाव काढलं की दोन दिवस जेवायचे नाहीत. आणि दर रविवारी घाट चढायचे, तुझ्याकडे.”

“पण तुला कसं कळलं हे काढायचं?”

“इतकी वर्षं बॅटरीचा उजेड धरून कोण उभं राहिलं त्यांच्या शेजारी?” आई रागावल्यासारखी वाटली. “त्यांनीच सांगितलं होतं. इंजिनाची उष्णता हे वर जाऊ देत नाही. हे नसलं तर चढावर पेट्रोल उकळतं. सपाटीवर कळतही नाही. मला तेवढंच हवं होतं. चार-पाचदा घाटात अडकले, मग आपणहून किल्ली खुंटीला लावली.”

चिमटीला रागही येत होता आणि आईला मिठीही मारावीशी वाटत होती. शेवटी तिनं एवढंच विचारलं, आता बसवू का?

“बसव की. आता ते कुठं चालवायला मागतायत.” आई पुन्हा चादरीकडे वळली. “पण त्यांना कळू देऊ नकोस. गाडीनं दगा दिला, असं वाटतंय ना त्यांना? वाटू दे.”

उजेड होता तोवर चिमटीनं ठोकळा बसवला, वर-खाली नवं पॅकिंग घातलं, नट थोडे थोडे करत सारखे आवळले. अप्पांना सांगितलं, कचरा अडकला होता, साफ केला. अप्पा ‘बरं’ म्हणाले.

रविवारी सकाळी आपल्याकडे जेवायला म्हणून तिनं दोघांना गाडीत घातलं, अप्पांना शेजारी, आईला मागं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला ती इंजिनाकडे कान लावून बसली. गाडीनं एकाच आवाजात ते वळण घेतलं, नंतरची सगळी घेतली आणि माथ्यावर येऊन उभी राहिली. गुडघे आखडले म्हणत आई उतरली आणि पाय मोकळे करायला कठड्यापर्यंत चालत गेली.

अप्पा काचेतून समोर बघत होते. त्यांना किती दिसत होतं कोण जाणे.

“ठोकळ्याचं जाड पॅकिंग परत घातल्यावर अॅक्सिलरेटरची तार सैल केलीस ना?” ते हळूच म्हणाले. “नाहीतर ओढून धरेल. ते निघाल्यावर कार्ब्युरेटर खाली बसला होता, म्हणून मी ती आवळून घेतली होती.”

“अप्पा, तुम्हाला माहीत होतं?”

“घाटात शेवटचा अडकलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी बॉनेट उघडलं होतं मी. हातानं चाचपलं तरी कळतं. परत घालायला किती वेळ लागला असता? पण मग मलाच म्हणावं लागलं असतं, मला दिसत नाही म्हणून. गाडीच्या माथी मारलं, सोपं गेलं.”

आई परत येताना दिसली. अप्पांनी आवाज आणखी खाली आणला.

“तिला बोलू नकोस हं. सगळ्या जन्मात एकदाच तिनं या गाडीला पाना लावला. आणि काय चोख काम केलं!”

आईनं दार उघडलं, आत बसली आणि काय चाललंय म्हणून विचारलं.

“तार जरा ताणते आहे,” चिमटी म्हणाली, “घरी गेल्यावर सैल करते.” आणि तिनं गाडी सुरू केली.